फेब्रुवारीत गुलमर्ग: अफरवट डोंगरावर बर्फ नेमका कसा असतो?

घसरगुंडी (धागाकर्ता) | २९ जानेवारी, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

औलीला दोन मोसम पडत-उठत स्की शिकलो. आता वळणं जोडता येतात, हवं तिथे थांबता येतं, स्नोप्लाव (पुढची टोकं जवळ आणून घसरणं) सुटून स्की समांतर राहायला लागल्या आहेत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस गुलमर्गला जायचं ठरलंय. आम्ही तिघं. राहण्याखाण्याचं झालंय, ते विचारत नाहीये.

विचारायचं ते हे. रोज सकाळी उठून फोनवर बर्फाची खोली बघतो. खाली ४० सेंमी, वर १३० सेंमी असं काहीबाही दिसतं आणि चार दिवस आकडा हललेला नाही. एवढा बर्फ पुरे की कमी? दुसऱ्या टप्प्याच्या गंडोलाने (तारेवरच्या डब्याने) वर गेलो तर आमच्यासारख्यांना स्कीवर खाली येता येईल, की वर फोटो काढून त्याच डब्यातून परत? खरं काय ते सांगा, नुसतं "मज्जा करा" नको.

---

चहा_बिस्कीट | २९ जानेवारी, रात्री १०.३०

वाचतेय. जागा पकडून ठेवते.

---

पीरपंजाल | २९ जानेवारी, रात्री ११.४७

आधी उंचीचा हिशेब मांडू. गुलमर्गचं पठार साधारण २६५० मीटरवर. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, तो कोंगडोरीला सोडतो, म्हणजे ३१०० च्या आतबाहेर. दुसरा २००५ साली आला, तो अफरवटच्या खांद्यावर नेतो, ३९५० च्या आसपास. दोन्ही मिळून १३०० मीटरची चढाई बसल्या जागी होते. कळसूबाई बारी गावातून चढताना जेवढा घाम निघतो त्याहून बरीच जास्त चढाई ही, आणि घाम शून्य. गोची इथेच आहे. शरीराला आणि डोक्याला कळायच्या आत तुम्ही उंच पहाडावर उभे असता.

दर हजार मीटरला तापमान ढोबळमानाने साडेसहा अंश उतरतं. म्हणजे पठारावर शून्य असेल तर वर उणे आठ, वारा वेगळा. खाली ओला, जड बर्फ आणि वर कोरडी भुकटी असं एकाच दिवशी, एकाच तासाला असू शकतं. त्यामुळे तुझे ४० आणि १३० हे दोन वेगवेगळ्या ठिकाणांचे आकडे समज.

आता जमिनीचा घाट. पठारावर शिकाऊंचे छोटे उतार, तिथे ओढून नेणाऱ्या लिफ्ट. पठार ते कोंगडोरी मध्ये देवदारवर्गातली उंच झाडं आणि त्यातून उतरणारी वाट. कोंगडोरीवरून मेरीज शोल्डरला चेअरलिफ्ट जाते. तो मधला भाग मोकळा, वाऱ्यापासून जरा आडोशाचा, आणि माझ्या मते तुमच्या तिघांचं पहिल्या दोन दिवसांचं घर. त्याच्यावर झाडं संपतात. दुसऱ्या टप्प्याच्या तारांखाली जी मोठी परातीसारखी खोलगट बाजू दिसते, ती गंडोला बोल. मशीन फिरवून दाबलेली गुळगुळीत पट्टी तिथे गृहीत धरू नका. जसा पडेल तसा बर्फ आणि त्यावर आदल्या दिवशीच्या लोकांनी केलेले खड्डे-उंचवटे.

औलीत जो उतार पायाखाली असतो तो सरासरी सौम्य. इथे बोलच्या वरच्या तोंडाशी पहिली चार-पाच वळणं नीट खडी आहेत, मग उतार पसरतो. जमेल का? कोंगडोरीवर दोन दिवस न पडता काढलेत तर जमेल.

---

खडूस_आजोबा | ३० जानेवारी, सकाळी ६.०५

फेब्रुवारी कशाला? जानेवारी हाच खरा महिना. काश्मिरात २१ डिसेंबर ते ३० जानेवारी चाळीस दिवस चिल्लई कलान. कडाक्याची थंडी, आणि त्यात पडलेला बर्फ टिकतो. पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटचे दहा चिल्लई बच्चा. हा हिशेब तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांच्या अनुभवातून बांधलेला आहे. मी २००८ साली जानेवारीत गेलो होतो, कमरेएवढा बर्फ. ॲप बघून डोंगराला जाणारी पिढी...

---

हिमगौरी | ३० जानेवारी, सकाळी ९.२०

आजोबा, हिशेब जुना आहे हे खरं, पण थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी. चिल्लई कलान थंडीची हमी देतो, बर्फाची नाही. बर्फ आणतात पश्चिमी विक्षोभ, भूमध्य समुद्राकडून येणारी ती कमी दाबाची रांग. ती रांग वरून उत्तरेला निघून गेली की चाळीस दिवस कोरडे जातात. २०२४ चा जानेवारी आठवा. पठारावर तपकिरी गवत दिसत होतं, बर्फ आला तो महिन्याच्या अगदी शेवटी. खेलो इंडियाच्या हिवाळी खेळांचा गुलमर्गचा टप्पा २१ फेब्रुवारीवर गेला. २०२५ मध्येही गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चच्या ९ ते १२ ला घ्यावा लागला.

म्हणून घसरगुंडी, तारीख बरोबर निवडली आहेस. फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणजे तोवर थोडाफार थर साठलेला असतो आणि ऊन अजून चढलेलं नसतं. पण आकडा चार दिवस हलला नाही, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मधे आभाळ निरभ्र होतं का?

---

घसरगुंडी | ३० जानेवारी, दुपारी १.१५

हो, कडक ऊन आणि रात्री उणे दहाच्या खाली असं दाखवतंय. ४ आणि ५ फेब्रुवारीला मोठा बर्फ येणार असं दिसतंय. म्हणजे आम्ही पोचेपर्यंत ताजा बर्फ! पीरपंजालदादा, आजोबा, सगळ्यांचे आभार. म्हणजे आता चिंता मिटली ना?

---

हिमगौरी | ३० जानेवारी, दुपारी ३.४०

मिटली नाही, आता सुरू झाली. बैस, जरा लांबड लावते.

आपल्या भाषेची अडचण अशी की आभाळातून पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमध्ये होतो तोही बर्फ. सह्याद्रीत राहणाऱ्यांना पावसाच्या वीस तऱ्हा माहीत (भुरभुर, रिपरिप, सर, झड, धो धो), बर्फाची एकच. मी स्वतःपुरते स्वयंपाकघरातले शब्द घेतले. थंडीत वाऱ्याशिवाय पडलेला तो मैदा. स्की त्यात बुडतात, आवाज होत नाही, पडलं तरी लागत नाही. घनमीटरला जेमतेम पन्नास ते शंभर किलो भरतो, बाकी सगळी हवा. याच्याचसाठी लोक जगभरातून तिथे येतात.

वाऱ्याने तोच मैदा उचलून दुसरीकडे नेऊन थापला की भाकरी होते. कण मोडतात, एकमेकांत घट्ट बसतात. वरून छान पांढरी, गुळगुळीत, आणि पाय ठेवला की पोकळ वाजते. दुपारच्या उन्हाने वितळून रात्री गोठला की पापड. मार्चअखेर हेच रोज होत राहिलं की साबुदाणा. सकाळी दगडासारखा, अकराच्या सुमारास वरचे दोन बोटं सुटा होतो आणि त्यावर वळणं अशी लागतात की काय सांगू, दोननंतर मात्र नुसती लापशी. साबुदाण्यावर शिकाऊ माणूस सगळ्यात लवकर सुधारतो हे माझं मत, पावडरवाले मारायला उठतील.

आणि सगळ्यात वाईट ती साखर. तुझे ते "आकडा न हललेले" दिवस साखर बनवत असतात. कसं ते सांगते. जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास असतो, कारण जमीन ऊब धरून असते. वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री उणे पंधरा-वीस. थर जाड असेल तर हा फरक दीड-दोन मीटरवर पसरतो, काही बिघडत नाही. थर पातळ असेल तर तेवढाच फरक चाळीस-पन्नास सेंमीत. मग खालून वर वाफ सरकत राहते, आणि जाता जाता जुन्या कणांचं रूपांतर करते टोकदार, सुट्या स्फटिकांत. हातात घेतलेस तर जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात, मूठ वळत नाही. त्यावर आता ४-५ तारखेला मीटरभर ताजा बर्फ बसला तर? साखरेच्या पोत्यावर लादी ठेवल्यासारखं.

बाहेरून ते दिसत नाही. ॲपवर तर उलट आकडा वाढलेला दिसेल, सगळे खूश.

---

चहा_बिस्कीट | ३० जानेवारी, दुपारी ३.५८

मैदा, भाकरी, पापड, साबुदाणा, साखर. ताई, धागा पाककृती विभागात हलवावा का? (भूक लागली. पण पहिल्यांदा काहीतरी कळलं.)

---

खडूस_आजोबा | ३० जानेवारी, संध्याकाळी ७.११

पोराला घाबरवू नका हो. गंडोला सुरू ठेवलाय म्हणजे वर सुरक्षित आहे, इतकं साधं आहे. धोका असेल तर ते बंदच करतात.

---

पीरपंजाल | ३० जानेवारी, रात्री १०.५०

आजोबा, इथे मात्र मतभेद नोंदवतो, कारण हा गैरसमज माणसं मारतो.

गंडोला बंद होतो हे खरं. मोठा बर्फ पडला किंवा वारा सुटला की दुसरा टप्पा एक-दोन दिवस बंद असतो, स्की पेट्रोलवाले पहाटे स्फोटकं लावून धोक्याचे थर मुद्दाम पाडतात आणि मग उघडतात. पण हे काम होतं बोलपुरतं. वरच्या स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे किंवा उजवीकडे धारेवरून पाच मिनिटं चाललात की तुम्ही त्या हद्दीबाहेर. ना दोरी, ना पेट्रोल, ना कुणी पाडलेला थर. तिकीट तेच, डबा तोच, बर्फ दिसायला तसाच. युरोपातल्या मोठ्या रिसॉर्टसारखी खांब लावून आखलेली शंभर वाटांची जाळी इथे नाही. गुलमर्ग म्हणजे एक पट्टी सांभाळलेली आणि तिच्या दोन्ही अंगांना मैलोगणती रानटी डोंगर.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुडमध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन. ती तारीख आणि हिमगौरीने सांगितलेला कोरडा जानेवारी जोडून बघा. आणि नवख्यांचंच असं होतं असंही नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गलाच लष्कराच्या उंच पर्वतीय युद्धशाळेचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ती शाळा १९४८ पासून तिथे आहे, बर्फ त्यांच्या रोजच्या अभ्यासाचा विषय.

दुसरं, वारा. वादळं बहुतेक नैर्ऋत्येकडून पीर पंजाल ओलांडून येतात. धारेच्या त्या अंगाचा बर्फ वारा खरवडतो आणि अलीकडे, म्हणजे ईशान्येच्या उतारांवर आणून टाकतो. आपण स्की करतो ते हेच उतार! सावलीमुळे बर्फ कोरडा राहतो म्हणून ते उत्तम, आणि वाऱ्याचं ओझं तिथेच पडतं म्हणून ते वाईट. आभाळ कोरं असतानाही वारा वाहत असेल तर उतारावर थर चढतच असतो. एकच उतार, दोन्ही गुण.

थरासकट सुटणारी हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाटीवर सहसा सुटत नाही, त्याहून खडं असेल तर थर साठत नाही. दुर्दैवाने स्कीला गोड लागणारा उतारही तोच. पायाखाली "वूम्फ" असा दबका आवाज आला किंवा स्कीपासून तडा पळत गेला, तर खाली साखर बसली म्हणून समजा आणि आल्या वाटेने परत फिरा.

हद्दीबाहेर जायचंच असेल तर स्थानिक गाईड, आणि प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओयंत्र), सॅकमध्ये प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं. प्रत्येकाच्या. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात, कुठल्याही कंपनीचा कुठल्याहीला सापडतो. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर वाचण्याची शक्यता मोठी असते, पुढे झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरून कुणी पोचत नाही, काढणार तुमचेच दोन मित्र. ते जमत नसेल तर बोल सोडू नका. बोलमध्येही सहा दिवस कमी पडतील.

---

नाडीपरीक्षा | ३१ जानेवारी, सकाळी ८.००

उंचीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ३९५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. मुक्काम २६५० वर आहे हे तुमचं नशीब, कारण विरळ हवेचा त्रास मुख्यतः झोपायच्या उंचीवर ठरतो. तरी पहिल्या दिवशी विमानातून उतरून थेट वरचा टप्पा गाठू नका. डोकेदुखी, मळमळ वाटली की खाली या, "थोडं थांबून बघू" नको. गॉगल विसरू नका. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

---

चहा_बिस्कीट | ३१ जानेवारी, सकाळी १०.२५

स्की न करणाऱ्या सासूबाईंना कुठपर्यंत न्यावं?

---

हिमगौरी | ३१ जानेवारी, सकाळी १०.४०

कोंगडोरी. आभाळ साफ असेल तर तिथूनही त्यांच्या जन्माचं सार्थक होईल.

---

घसरगुंडी | २१ फेब्रुवारी, रात्री ९.३३

धागा वर काढतोय. परत आलो, हातपाय शाबूत.

४-५ ला म्हटल्याप्रमाणे बर्फ आला, ॲपवर वरचा आकडा १३० चा २१० झाला. आम्ही ८ ला पोचलो. पहिला दिवस पठारावरच. भाड्याने घेतलेले बूट एक नंबर मोठे निघाले, टाच उचलली जात होती, स्की एकीकडे आणि मी दुसरीकडे. दुकानवाला म्हणे, "दोन मोजे घाला." दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून घट्ट बूट घेतले आणि अचानक मला स्की यायला लागली. याबद्दल इथे कुणी का बोललं नाही?

दुसरा-तिसरा दिवस कोंगडोरी आणि चेअरलिफ्ट. पीरपंजालदादा, अगदी बरोबर, तिथे मी औलीतलं सगळं विसरून पुन्हा शिकलो. न दाबलेल्या बर्फात मागे रेलायची सवय मोडावी लागते आणि वळण घाईने ओढून चालत नाही. स्कीचं टोक बुडायचं, मी तोंडावर. पण हिमगौरीताई, मैद्यात पडणं ही शिक्षा नाही हे खरंच.

चौथ्या दिवशी वारा, वरचा टप्पा बंद. पाचव्या दिवशी साडेदहाला उघडला. वर पाऊल टाकलं आणि पहिली दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. एक तर दम, दुसरं म्हणजे उत्तरेला नंगा पर्वत असा लख्ख उभा होता की स्की घालायचंच विसरलो. बोलची वरची वळणं मी सरळ-सरळ आडवा घसरत काढली, लाज वाटली नाही. मग उतार पसरला आणि मग जे झालं ते लिहिता येत नाही. तळाशी पोचलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या. लगेच परत रांगेत.

सहाव्या दिवसाची गोष्ट मुद्दाम लिहितोय. आम्ही तिघांनी गाईड घेतला होता, बीकनबिकन सगळं भाड्याने, पठारावर दोन तास एकमेकांचे पुरलेले बीकन शोधायचा सराव करून. बेत होता धारेवरून डावीकडे जाऊन पुढे झाडांतून खाली उतरायचा. बर्फ अप्रतिम दिसत होता, एकही रेघ नाही. धारेवर शंभरेक पावलं गेल्यावर गाईड थांबला. त्याने स्कीची काठी, म्हणजे पोल, उलटा केला आणि मुठीची बाजू बर्फात हळूहळू दाबत गेला. आधी सहज गेली, मग अडली, मग जोर लावल्यावर एकदम काहीच नसल्यासारखी खपकन आत. त्याने तीन ठिकाणी तेच केलं. मग पोल पुसत म्हणाला, "नीचे चीनी है."

मी त्याला हा धागा दाखवला नव्हता, शपथेवर सांगतो.

परत बोलमध्ये आलो. माझा एक मित्र संध्याकाळपर्यंत घुश्शात होता, पैसे पाण्यात गेले म्हणून. त्या बाजूला दुसरी चार-पाच माणसं आमच्या डोळ्यांदेखत उतरली आणि त्यांना काहीही झालं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो. रात्री त्याच मुद्द्यावर आमचं भांडण झालं. अजून मिटलेलं नाही.

---

पीरपंजाल | २१ फेब्रुवारी, रात्री १०.०५

मित्राला सांग, उतरलेल्यांना त्या दिवशी उत्तर मिळालं नाही, फक्त नापासाचा शेरा मिळाला नाही. गाईडला पुढच्या वर्षी पुन्हा बोलव. आणि बुटांबद्दल माफी, ते सांगायचं राहिलंच. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, टाच अजिबात उचलता कामा नये, मोजा एकच आणि पातळ.

---

हिमगौरी | २१ फेब्रुवारी, रात्री १०.१८

"खपकन" हा शब्द माझ्या यादीत टाकते.

---

खडूस_आजोबा | २२ फेब्रुवारी, सकाळी ५.५०

बीकन भाड्याने मिळतो हे मला ठाऊक नव्हतं. २००८ साली आम्ही त्याच धारेवरून उतरलो होतो, तिघांकडे मिळून एक शिट्टी होती. पोल उलटा करून बघायची ती पद्धत जरा सविस्तर लिही. पुढच्या फेब्रुवारीत जायचा विचार आहे. गुडघे मूळचेच आहेत.